दिवाळीनंतर बघू

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माझा वाढदिवस असतो आणि दरवर्षी फॅमिली ग्रुपवर कुणीतरी काका तो झेंडूच्या फुलांचा, मागे सूर्य उगवतोय असा फोटो टाकतातच, वर लिहिलेलं "जीवेत शरदः शतम्". मग बाकीचे सगळे तोच फोटो फॉरवर्ड करतात. इतकी वर्षं मी हात जोडलेला इमोजी टाकून मोकळी व्हायचे. यंदा मात्र वेळच वेळ होता (का होता ते सांगतेच), तर पहिल्यांदा डोक्यात आलं की अरे, शंभर शरदच का? वसंत का नाही? वसंतात एवढी पालवी, मोहोर, कोकीळ वगैरे सगळी सोय असताना आयुष्य मोजायला जुन्या लोकांनी शरद का पकडला असेल?

माझं आपलं घरगुती उत्तर असं की पावसाळा पार पडला की मगच वर्ष हाताला लागायचं. नद्यांना पूर, रस्ते बंद, साथीचे आजार, कोठीतलं धान्य तळाला गेलेलं, हे सगळं झेलून आश्विनात जो उभा आहे त्याचं एक वर्ष पक्कं. हे कुठे वाचलेलं नाही, मला वाटतं म्हणून लिहिलं. संस्कृतवाल्यांनी रागावू नये.

तर वेळ का होता. ऑगस्टमध्ये माझी नोकरी गेली. बारा वर्षं एकाच कंपनीत टेस्टिंग, मग एका गुरुवारी पंधरा मिनिटांचा कॉल, आणि लॅपटॉप कुरिअरने परत पाठवायचा. फार रडगाणं गाणार नाहीये, माझ्यासारखे खूप जण आहेत. पण त्यानंतर जे सुरू झालं ते मजेशीर होतं. जिथे जिथे सीव्ही पाठवला तिथून एकच उत्तर, "मॅम, बजेट फ्रीज आहे, दिवाळीनंतर बघू." आणि मग लक्षात आलं की आपल्याकडे सगळंच दिवाळीनंतर असतं. सोसायटीचं वॉटरप्रूफिंग दिवाळीनंतर. प्लंबर दिवाळीनंतर. जिम दिवाळीनंतर. मावशीच्या मुलीचं स्थळ दिवाळीनंतर, ते सुद्धा तुळशीचं लग्न लागल्यावर. मुलाच्या शाळेचं दुसरं सत्र दिवाळीनंतर. एक जानेवारीला आपल्याकडे फक्त कॅलेंडर बदलतं हो, आणि ते पण शेजारच्या बँकेने फुकट दिलेलं. खरी सुरुवात आश्विन-कार्तिकात होते.

शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात ऑटम म्हणजे लाल-पिवळी पानं गळतायत असं चित्र असायचं आणि मी मनात शरद म्हणजे पानगळ असं धरून बसले होते. आमच्याकडे सोलापूर जिल्ह्यात ऑक्टोबरमध्ये बांध कमरेएवढ्या गवताने भरलेले असतात, तरवड पिवळाधमक फुललेला असतो आणि ऊन असं की डोक्यावर टॉवेल घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. पानं गळायची ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. शरदात आमच्याकडे पेरणी असते.

हे पुण्यात सांगितलं की लोक म्हणतात, पेरणी जूनमध्ये असते ना? असते, पण आमचा मुलूख मुळात रब्बीचा. मंगळवेढा, मोहोळ, बार्शी, माढा, सगळीकडे ज्वारी म्हणजे रब्बीची ज्वारी, तीच ती मालदांडी, जिची भाकरी पुण्यातले लोक "सोलापूरची आहे ना नक्की?" असं विचारून घेतात. (मालदांडी ३५-१ हा वाण आमच्या मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडलेला, हे मी प्रत्येक हॉटेलात सांगते आणि कुणीही ऐकत नाही.) ती पेरायची साधारण पंधरा सप्टेंबर ते पंधरा ऑक्टोबर. लवकर पेरली तर खोडमाशी खाते, उशिरा पेरली तर कणसात दाणा भरायच्या वेळेला रानातली ओल संपते. आणि मुख्य गंमत अशी की कोरडवाहू रानातल्या ज्वारीला पेरल्यानंतर फारसा पाऊस नसतोच. ती वाढते जमिनीत मुरलेल्या पाण्यावर. काळी माती पावसाळाभर पाणी पिऊन बसते आणि मग थंडीत ते हळूहळू पिकाला देते. म्हणजे नवीन पीक, पण सगळं मागच्या ओलीवर. चिखलातही पेरायचं नसतं आणि कोरड्यातही नाही, मधली जी वेळ असते तिला वाफसा म्हणतात. आमचे अण्णा "वापसा" म्हणतात. या पोस्टमध्ये हा शब्द बऱ्याचदा येणार आहे, तयारी ठेवा.

यंदा, म्हणजे २०२५ साली, घट बसले सोमवारी २२ सप्टेंबरला. आमच्याकडे घटाची माती आई रानातून आणते, विकतची आणलेली तिला चालत नाही. पुण्यात मी मंडईतून पाच रुपयाची पुडी आणते हे कळल्यावर ती दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली होती. तर आदल्या दिवशी भुरभुर पावसात ती आणि वहिनी खालच्या रानात गेल्या, खालचं रान म्हणजे सीनेच्या काठचं दीड एकर, आमच्याकडची सगळ्यात चांगली जमीन, आणि तिथली टोपलंभर काळी माती घेऊन आल्या. पत्रावळीवर ती पसरली, त्यात ज्वारी, गहू, हरभरा, करडई, जवस टाकलं, मधोमध मातीचा घट, वर नागवेलीची पानं आणि नारळ. पहिली माळ लागली.

सीना म्हणजे एरवी नदी म्हणायचं ते मन राखायला. उन्हाळ्यात उजनीचं पाणी भीमा-सीना बोगद्यातून सोडलं तर ती वाहते, नाहीतर पोरं क्रिकेट खेळतात. लहानपणी आम्ही तिच्यात झरे खोदून पाणी पिलोय. तिला पूर येऊ शकतो हे आमच्या पिढीला ऐकूनच माहीत. आणि घट बसल्यावर दोन-तीन दिवसांत तिनं जे रूप दाखवलं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल, वर नगर-धाराशिवकडे पाऊस, सीना-कोळेगाव धरणाचे दरवाजे उघडे, लांबोटीजवळ पुणे-सोलापूर हायवे पाण्यामुळे बंद. मी पुण्यात टीव्हीसमोर आणि भाऊ घराच्या गच्चीवरून व्हिडिओ पाठवतोय. गावठाण उंचावर म्हणून घर वाचलं. पण व्हिडिओत जिथे आमचं रान दिसायला पाहिजे तिथे नुसतं तांबडं पाणी, आणि त्यात विजेच्या खांबाचं टोक. त्यावरून कळायचं की विहीर अंदाजे कुठे असेल.

चुलत्यांनी गच्चीवरून ते बघून म्हणलं म्हणे, "यंदा सीमोल्लंघन सीनेनंच केलं, आपण बसा घरात." एवढ्या दुःखात पण आमच्याकडे असं बोलतात. पूर्वी पावसाळा संपला, नद्या उतरल्या की दसऱ्याला सैन्यं मोहिमेवर निघायची, त्यावरून तो शब्द. इथे दसरा आठ दिवसांवर आणि नदी उतरायचं नाव घेईना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गावी पोचले. यंदा तिथी वाढल्यामुळे नवरात्र दहा दिवसांचं होतं, त्यामुळे घट एक दिवस जास्तच वाढलेला, वीतभर उंच, फिकट हिरवा, ज्वारीची पानं गव्हापेक्षा रुंद. त्यावर तरवडाच्या वाळलेल्या माळा आणि फुलोऱ्याच्या कडाकण्या लटकलेल्या. अण्णा चष्मा लावून घटापुढे उकिडवे बसले होते. दरवर्षी बसतात. भक्तिभावाने नाही, तपासायला. कोणतं बी किती उगवलं, कुठलं मागं राहिलं. घरचं बी ठेवणाऱ्यासाठी घट म्हणजे उगवणीची परीक्षाच आहे. आता कृषी खात्याचे लोक सांगतात शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि मोजा, तेही अण्णा करतात, पण घट बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही.

"जवारी बरी आलीय," म्हणाले. मग थांबून, "पेरायची कुठं पण."

दसऱ्याला सकाळी पाणी ओसरलेल्या खालच्या रानात गेलो. मी ज्याला चिखल असेल असं समजत होते तिथे चिखल नव्हताच. वरची माती नव्हती. हातभर खोल खरवडून नेलेली आणि खाली पिवळा मुरूम उघडा. एका कोपऱ्यात कुणाच्या तरी ठिबकच्या नळ्यांचा गुंता, एक प्लास्टिकची खुर्ची, आणि आमचं उडदाचं पीक कुठे होतं ते सांगायला एक मुळीसुद्धा नाही. भाऊ मोबाईलवर फोटो काढत होता पंचनाम्यासाठी. आई मात्र घरी येईपर्यंत काही बोलली नाही आणि घट उठवायच्या वेळेला, म्हणजे देवापुढे बसून, एकदम म्हणाली, "खालच्या रानातली माती आता हीच."

खरंच हीच होती. पत्रावळीवर, एक टोपलं.

एरवी घट उठले की वरचे कोंब खुडून देवाला वाहतात, अण्णांच्या टोपीत खोवतात, माती नदीत नाहीतर विहिरीत सोडतात. यंदा आई म्हणाली नदीला काही द्यायचं नाही. स्पष्ट. अण्णांनी टोपीत कोंब खोवले, आम्ही आपट्याची पानं वाटली, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणताना दोघातिघांना हसू पण आलं, आणि ती माती एका फुटक्या घमेल्यात भरून परसात पेरूच्या झाडाखाली ठेवली.

मी पुण्याला लगेच परत जायचं कारण नव्हतं. मुलाला सुट्टी नव्हती पण नवरा म्हणाला राहा, मी बघतो. म्हणून कोजागिरीपर्यंत राहिले. सोलापुरातून लोक कोजागिरीला चालत तुळजापूरला जातात, पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास अंतर, रात्रभर रस्ता माणसांनी भरलेला. भाऊ जाऊन आला, यंदा नवस काय केला ते सांगत नाही. तुळजाभवानीचं मला एक फार आवडतं, दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवी पलंगावर झोपते ती थेट कोजागिरीला उठते, त्याला श्रमनिद्रा म्हणतात. नऊ दिवस महिषासुराशी लढली, दमली, झोपली. पलंग येतो नगरकडून. म्हणजे एवढी मोठी लढाई जिंकल्यावर देवीसुद्धा दुसऱ्या दिवशी नव्या जोमाने लिंक्डइनवर "एक्सायटेड टू अनाउन्स" लिहायला बसत नाही. मी ऑगस्टपासून रोज पहाटे उठून कोर्स करत होते, दोन सर्टिफिकेटं झाली, तिसरं चालू, कारण रिकामं बसायची भीती. त्या पाच दिवसांत लॅपटॉप उघडलाच नाही. देवी झोपलीय तर मी कोण.

आता वाफसा.

ऑक्टोबर मध्यावर आला आणि ऊन तापायला लागलं तशी भावाची घाई सुरू झाली. खालचं रान गेलं पण वरचं अडीच एकर आहे, त्यात सोयाबीन सडून गेलं होतं, ते काढून ज्वारी नाहीतर हरभरा टाकू. सरकारने ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं, त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार. भावाने लगेच मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब केला आणि काहीतरी पुटपुटत फोन खिशात ठेवला. एका हेक्टरला माती किती ट्रॉल्या लागते हे ज्याने भरून आणलीय त्याला विचारा.

अण्णा रोज सकाळी वरच्या रानात जायचे, एक बिलांग, म्हणजे वीतभर, खालची माती काढायचे, मुठीत दाबून गोळा करायचे आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचे. गोळा पडून फुटला की वाफसा. नुसता थप्प करून चपटा झाला की नाही. दिवाळीत परत गेले तेव्हा मीही करून बघितलं. थप्प.

"न्हाय अजून," अण्णा.

"अण्णा, तारीख चाललीय," भाऊ.

"तारीख तुझी. रानाची न्हाय."

पाडव्याला, बलिप्रतिपदा, साडेतीन मुहूर्तातला अर्धा, भावाने ऐकलं नाही. मित्राचा ट्रॅक्टर पेरणी यंत्रासकट आणला, वहिनीने चाकाला कुंकू लावलं, नारळ फोडला, मी व्हिडिओ काढत होते. ट्रॅक्टर बांधापासून पंधरा फूट आत गेला आणि मागची दोन्ही चाकं आरामात खाली बसली, म्हैस बसते तशी. वर रान सुकलेलं दिसत होतं, पांढरट, भेगा सुद्धा पडलेल्या, आणि खाली पूर्ण लोणी. जेसीबी बोलवायला लागला. जेसीबीवाला पण दिवाळीचे नवे कपडे घालून आला होता, तो कुणाकडेच बघून बोलेना. अण्णांनी एक शब्द काढला नाही, नुसते फराळाचं ताट घेऊन ओट्यावर बसले आणि चकली मोडायचा आवाज जरा जास्तच काढला.

आणि बरं झालं ना पेरलं नाही ते! कारण ऑक्टोबर संपता संपता परत पाऊस झाला. आमच्याकडे म्हण आहे, पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती, स्वाती नक्षत्राचा पाऊस एरवी ज्वारीला सोन्यासारखा. यंदा स्वाती पडल्या आणि ज्यांनी घाईने पेरलं होतं त्यांच्या रानावर पापडी धरली, कोंब खालीच वळून राहिले, दुबार पेरणीची वेळ आली. बियाणं, ट्रॅक्टर, मजुरी सगळं परत. माणिक-मोत्यांचं पण टायमिंग असतं.

माझंही असंच झालं होतं, ते इथे लिहू का नको करत होते पण लिहिते. दिवाळीच्या आधी एका ठिकाणी फायनल राऊंड होता. मी आजारी होते, तयारी अर्धवट, पण नकोच म्हणायची हिंमत झाली नाही, आता नाही तर कधीच नाही असं वाटत होतं. दिला, आणि इतका वाईट दिला की समोरच्या मुलीने (माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल) मलाच पाणी प्यायला सांगितलं. वरून सुकलेली दिसत होते, खाली लोणी.

शेवटी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर अण्णांचा गोळा फुटला. मी पुण्यात होते, भावाने व्हिडिओ कॉल केला. ज्वारीची तारीख गेली होती, म्हणून दोन एकर हरभरा, विजय वाणाचा, बियाण्याला जिवाणू खत चोळून, आणि उरलेल्या वीस गुंठ्यात घरच्या भाकरीपुरती आणि म्हशीच्या कडब्यापुरती ज्वारी, उशीर होऊ दे, ओल यंदा रग्गड आहे म्हणून. हरभरा ट्रॅक्टरने. ज्वारी मात्र अण्णांनी शेजाऱ्यांचे बैल मागून तिफणीने पेरली. चाड्यावर, म्हणजे तिफणीच्या बी सोडायच्या वाटीवर, आईने मूठ धरली. मूठभर दाणे घेऊन चाड्यात सोडताना बोटं कशी हलवायची ते मला चाळीशीला आले तरी जमत नाही, माझे दाणे एकदम पडतात, एका जागी दाट आणि पुढे मोकळं. आईचे एकेक करून तिन्ही नळ्यांतून सारखे जातात आणि ती त्याच वेळी वहिनीला ओरडत असते की दूध उतू जाईल.

आणि ते घमेलं. पेरणी झाल्यावर आईने ते पेरूखालून उचललं आणि खालच्या रानात नेलं, त्या मुरमावर. भाऊ म्हणाला अगं एक टोपलं मातीनं काय होणार, नदीचा गाळ टाकायचाय उन्हाळ्यात, पन्नास-साठ ट्रॉल्या लागतील. आई म्हणाली, "मग ही एकसष्टावी." बांधाच्या कडेला ओतली. घटातले खुडलेले बुडखे त्यात तसेच होते, एक हरभऱ्याचं फुटलेलं पण होतं म्हणे. मला फोटो पाठवला तर त्यात मला फक्त आईची सावली आणि मुरूम दिसतोय.

हे लिहितेय तेव्हा नोव्हेंबर अर्धा उलटून गेलाय. दिवाळीनंतर बघू म्हणालेल्यांपैकी तिघांनी खरंच बघितलं, हेही सांगायला हवं. एकाने नाही म्हणून कळवलं, एकाने निम्म्या पगाराला बोलावलं, आणि एका ठिकाणी सोमवारी दुसरा राऊंड आहे. यावेळी आजारी नाहीये.

काल अण्णांचा फोन आला. हरभरा वर आलाय, ओळी दिसतात म्हणाले, ज्वारीत मात्र मधे मधे नांगं पडल्यात (म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा), ती भरून घ्यायची आहेत, माणसं मिळत नाहीत, येतीस का दोन दिवस. मी म्हणलं अण्णा, सोमवारी इंटरव्ह्यू आहे, मंगळवारी सकाळच्या गाडीने निघते, तोपर्यंत उशीर नाही ना होणार?

फोनवर जरा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मुठीत माती घेतली असणार, मला माहितीय.

"ये मंगळवारी," म्हणाले. "ओल हाय अजून."